धूम्रपान आणि कवळीखालचं हाड



आमच्या मसुऱ्यात पडवीत विडी ओढत बसलेल्या एखाद्या आजोबांना टोकलं, की उत्तर ठरलेलं असतं, "आता दातच रवले नाय, मगे विडी काय बिघडवतली?" ऐकायला पटतं. पण आजोबा इम्प्लांटवर बसणारी कवळी लावून घेणार असतील, तर हे उत्तर चुकतं. का, ते आज समजून घेऊया.

इम्प्लांट कसं काम करतं?

दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजतं, म्हणून खालची कवळी हलते. यावर उपाय म्हणून खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला बहुधा दोन टायटॅनियमचे स्क्रू बसवतात आणि कवळी त्यांवर प्रेस बटणासारखी अडकवतात. टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगात दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले.

मांडवाची मेढ आठवा. मेढ कितीही मजबूत असो, ती उभी राहते भोवतीच्या मातीच्या जोरावर. इथे माती म्हणजे हाड.

धूर काय करतो?

१. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं.
२. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो, त्यामुळे ऑक्सिजन कमी पोचतो.
३. हाड तयार करणाऱ्या पेशी मंदावतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही दुबळ्या पडतात.

परिणामी हाड नीट जुळत नाही, किंवा जुळलेलं हाड कडेने खाली सरकत जातं. १९९३ मध्ये बेन आणि मॉय यांनी २,१९४ इम्प्लांटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात धूम्रपान करणाऱ्यांचे ११.२८ टक्के इम्प्लांट निकामी झाले, तर न करणाऱ्यांचे ४.७६ टक्के. म्हणजे ओढणाऱ्या प्रत्येकाचं इम्प्लांट पडतं असं नाही, पण धोका दुपटीहून जास्त दिसला.

फसवी गोष्ट

एरवी हिरडीतून रक्त आलं की आपण सावध होतो. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्तच कमी येतं, दुखतही नाही. आत हाड झिजत असतं आणि वरून सगळं ठीक वाटतं. ते कळतं एक्स-रेमध्ये. कवळी दोनच मेढींवर असेल, तर एक ढिली झाली तरी जेवणाचे हाल सुरू!

मग काय करायचं?

शस्त्रक्रियेच्या निदान आठवडाभर आधी आणि नंतर दोन महिने विडी-सिगारेट बंद ठेवावी. कायमची सुटली तर उत्तमच, कारण हाड पुढेही जपायचं असतं. मात्र विडीऐवजी मशेरी किंवा तंबाखूची चिमूट नको, निकोटिन त्यातही आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. इम्प्लांट रोज घासावेत आणि तपासणी चुकवू नये. डॉक्टरांपासून विडी लपवू तर अजिबात नये.

घरचा अभ्यास : आजोबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आता तुम्ही द्या. वहीत नको, त्यांच्या शेजारी बसून.