टोळीनाट्य आणि किशोर प्रेक्षक : ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या निमित्ताने योग्यायोग्यतेचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादे नाटक मुलांना दाखवावे किंवा नाही, या प्रश्नाचा निर्णय आपल्याकडे बहुधा मोजदादीने होतो. मारामारीचे प्रसंग किती, अपशब्द किती, शृंगार कोठवर जातो, हे मोजले की पालकांचे, शाळेचे आणि परिनिरीक्षकांचेही काम संपते. याच्या उलट टोकाला साहित्याचा अभ्यासक उभा असतो. कलाकृतीला नीतीची फूटपट्टी लावू नये, एवढे सांगून तो बाजूला होतो. नववीच्या वर्गासाठी नाटक निवडणाऱ्या शिक्षकाला या दोहोंपैकी एकाचाही उपयोग होत नाही. त्याच्यापुढे चौदा वर्षांची मुले बसलेली असतात, त्यांपैकी एखादा वस्तीतल्या ‘दादा’च्या मागे फिरू लागलेला असतो, आणि निर्णय तर त्याला घ्यावाच लागतो.

किशोरवयीन टोळ्यांवरील नाटकांच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होते. येथे पात्र आणि प्रेक्षक एकाच वयाचे असतात, त्यामुळे तादात्म्य तत्काळ साधते. ज्या कारणाने असे नाटक किशोरांना आपले वाटते, त्याच कारणाने ते वडीलधाऱ्यांना धोक्याचे वाटते. प्रस्तुत लेखात ‘वेस्ट साइड स्टोरी’ हे अमेरिकन संगीतनाट्य उदाहरणादाखल घेऊन योग्यायोग्यतेचे निकष नाट्यकृतीच्या रचनेतूनच शोधता येतात काय, हे पाहावयाचे आहे.

२. कृती आणि तिची रूपांतरे

हे नाटक २६ सप्टेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन नाट्यगृहात रंगभूमीवर आले. मूळ कल्पना, दिग्दर्शन आणि नृत्यरचना जेरोम रॉबिन्स यांची, संहिता आर्थर लॉरेन्ट्स यांची, संगीत लिओनार्ड बर्नस्टाइन यांचे आणि गीते स्टीव्हन सॉन्डहाइम यांची होती. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे कथानक येथे मॅनहॅटनच्या पश्चिम भागातील गरीब वस्तीत आणले आहे. दोन घराण्यांच्या जागी गोऱ्या मुलांची ‘जेट्स’ आणि प्वेर्तो रिकोहून आलेल्या मुलांची ‘शार्क्स’ अशा दोन टोळ्या आहेत. टोळीपासून दूर होऊ पाहणारा टोनी आणि शार्क्सचा म्होरक्या बर्नार्डो याची बहीण मारिया यांचे प्रेम हा कथेचा गाभा होय. १९६१ साली रॉबर्ट वाइज आणि रॉबिन्स यांनी त्याचा चित्रपट केला आणि त्याला दहा ऑस्कर पुरस्कार मिळाले. २०२१ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दुसरा चित्रपट केला. एकाच कथेची ही तीन रूपे उपलब्ध असल्याने कोणत्या बदलाने प्रेक्षकावरील परिणाम कसा पालटतो, हे तपासणे सोयीचे होते.

आरंभीच एक विसंगती नोंदवावयास हवी. शेक्सपिअरची ज्युलिएट चौदा वर्षांचीही झालेली नाही. तिच्या नाटकात द्वंद्वे आहेत, गुप्त विवाह आहे, आत्महत्या आहेत. तरीही ते जगभर शाळांतून शिकविले जाते. तेच कथानक जीन्स घालून आणि चाकू घेऊन समोर आले की वयाचा प्रश्न उपस्थित होतो. याचा अर्थ असा की आपल्याला केवळ हिंसेची चिंता नसते. हिंसेच्या जवळपणाची चिंता असते.

३. उत्साहाचे शोकात रूपांतर

या जवळपणाचा विचार करण्यास भारतीय रसविचार उपयुक्त ठरतो. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, तर करुणाचा स्थायीभाव शोक. टोळीनाट्य प्रेक्षकाच्या मनातील उत्साहालाच प्रथम हात घालते. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या प्रारंभी संवाद जवळजवळ नाहीतच, चुटक्या, उड्या आणि पाठलाग यांतून जेट्सचा रस्त्यावरील अंमल नृत्यरूपाने उभा राहतो. टोळीत असणे म्हणजे एकटे नसणे, हा त्यांच्या पहिल्या गाण्याचा आशय आहे. हे आकर्षण खरे आहे आणि नाटक ते लपवीत नाही. टोळीत काहीच आकर्षक नसते असे सांगणारे नाटक किशोराला पहिल्या पाच मिनिटांतच खोटे वाटेल.

मग प्रश्न उरतो तो असा : चेतविलेल्या या उत्साहाचे नाटक पुढे काय करते? महामार्गाखालच्या झुंजीत टोनी मारियाच्या शब्दाखातर भांडण सोडवावयास जातो. त्याच्या मध्ये पडण्यानेच त्याचा मित्र रिफ बर्नार्डोच्या चाकूला बळी पडतो, आणि संतापाच्या भरात टोनी बर्नार्डोला मारतो. पहिल्या अंकाचा पडदा दोन प्रेतांवर पडतो. भरताने अंकात प्रत्यक्ष मृत्यू दाखविण्याचा निषेध केला आहे, तो येथे मोडला आहे. परंतु त्यामागे कारण आहे. ज्या नृत्यभाषेने प्रेक्षकाला आनंद दिला, त्याच नृत्यभाषेत हे मरण घडते. स्वतःचाच आनंद येथवर आला, हे प्रेक्षकाला नाकारता येत नाही. उत्साहाचे शोकात झालेले हे रूपांतर त्याच प्रेक्षकाच्या मनात, त्याच बैठकीत पूर्ण होते.

या दृष्टीने गीतांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. मूळ नाटकात पोलीस शिपाई क्रप्की याची टर उडविणारे विनोदी गाणे दुसऱ्या अंकात, म्हणजे दोन खुनांनंतर येते. न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेविका प्रत्येक जण मुलांच्या बिघडण्याचे वेगळे कारण सांगतो आणि त्यांना पुढच्याकडे धाडून देतो, असा त्या गाण्याचा उपहास आहे. प्रौढ प्रेक्षकाला मृत्यूनंतरचे हे हसू विदारक वाटते. बारा वर्षांच्या मुलाला ते मरण विसरण्याची परवानगी वाटण्याचा संभव आहे. १९६१च्या चित्रपटात हे गाणे झुंजीपूर्वी आणले, आणि भावना आवरण्याचे ‘कूल’ हे गाणे झुंजीनंतर नेले. त्यामुळे शोकाची रेषा अखंड राहिली, उपहासाची धार मात्र काहीशी बोथट झाली. मोजदादीच्या पद्धतीने पाहिले तर दोन्ही रूपांत प्रेते तितकीच आहेत. तरुण प्रेक्षकाच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे.

४. सर्वांत कठीण प्रसंग

योग्यायोग्यतेच्या चर्चेत चाकूंचा उल्लेख नेहमी होतो. आमच्या मते या नाटकातील सर्वांत कठीण प्रसंग झुंजीचा नसून डॉकच्या दुकानातील आहे. प्रियकर बर्नार्डोचा मृत्यू सोसून अनिता मारियाचा निरोप टोनीला पोहोचविण्यास जेट्सच्या तळावर येते. मुले तिला वंशावरून हिणवतात, घेरतात आणि त्या छळाचे पर्यवसान बलात्काराच्या प्रयत्नात होते. डॉक आल्याने ती वाचते. अपमानाच्या भरात ती मारिया मेल्याचे खोटे सांगते आणि त्या खोट्यातूनच टोनीचा अंत ओढवतो.

ज्या मुलांच्या नृत्यावर आणि विनोदावर प्रेक्षक लुब्ध झाला, तीच मुले येथे हे करतात. मुलांना दाखविण्यास हा प्रसंग सर्वांत अवघड असला, तरी नाटकाची नैतिक कसोटीही तोच आहे. तो गाळून केलेला ‘सौम्य’ प्रयोग मुलांसाठी अधिक सुरक्षित होत नाही. त्यात टोळी लोभस तेवढी उरते. स्पीलबर्ग यांच्या चित्रपटात जेट्सच्या मैत्रिणी अनिताला वाचविण्यास धावतात आणि त्यांना बाहेर काढले जाते. डॉकच्या जागी असलेली त्याची विधवा व्हॅलेंटिना मुलांच्या कृत्याला त्याच्या खऱ्या नावाने संबोधते. ही व्हॅलेंटिना रिटा मोरेनो यांनी साकारली; १९६१च्या चित्रपटात अनिता त्यांनीच केली होती. कृत्याला नाव मिळाल्याने प्रसंगाची दाहकता घटत नाही, परंतु तरुण प्रेक्षक संभ्रमात राहत नाही.

५. ‘तरुण प्रेक्षक’ कोणता?

येथवर आपण तरुण प्रेक्षक हा शब्द एकवचनी वापरला. तो तसा नसतो, हे १९९९ सालच्या एका घटनेने दाखवून दिले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅमहर्स्ट येथील शाळेने बसवावयास घेतलेला या नाटकाचा प्रयोग विरोधानंतर रद्द केला. आक्षेप चाकूंना किंवा शिव्यांना नव्हता. प्वेर्तो रिकन माणसांचे चित्रण साचेबंद आणि अवमानकारक आहे, असा तो होता; आणि तो विद्यार्थ्यांमधूनच पुढे आला होता.

हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. नाटकाच्या चार कर्त्यांपैकी कोणीही प्वेर्तो रिकन नव्हते. १९६१च्या चित्रपटात गोऱ्या नटनट्यांना काळसर रंग फासला होता. जन्माने प्वेर्तो रिकन असलेल्या मोरेनो यांनाही गडद रंग लावावा लागला. प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे, तरी नाटकात त्यांना परके म्हणून हिणवले जाते, आणि ही वस्तुस्थिती ठाऊक नसलेला प्रेक्षक त्या हिणवण्यात नकळत सहभागी होतो.

साधारणीकरणाच्या सिद्धान्ताची येथे परीक्षा होते. प्रेक्षकाने स्वतःचे विशेषत्व विसरावे, ही रसास्वादाची अट आपण मानतो. परंतु रंगमंचावर ज्याच्या समाजाला चाकूशी जोडले जाते, त्या मुलाला ते विशेषत्व विसरता येत नाही, कारण शेजारी बसलेले वर्गमित्र त्याच्याकडे वळून पाहतात. म्हणून शिक्षकाने केवळ ‘या वयाला हे झेपेल काय?’ असे विचारून थांबू नये. ‘या वर्गातील कोणाला हे एकट्याने सोसावे लागेल?’ हेही विचारले पाहिजे. तथापि प्रयोग रद्द करणे हा त्यावरचा एकमेव मार्ग नव्हे. त्या मुलांचा आक्षेप हाच वर्गातील पहिला पाठ होऊ शकतो.

६. वडीलधाऱ्यांची जागा

या नाटकात मारियाच्या आईवडिलांचे केवळ आवाज पडद्याआडून येतात. जे प्रौढ दिसतात, त्यांत डॉक हतबल आहे आणि पोलीस अधिकारी श्रँक स्वतःच वंशद्वेष्टा आहे. शेक्सपिअरच्या शेवटी दोन्ही घराण्यांचे कर्ते पुरुष हात मिळवितात. येथे मारिया बंदूक हाती घेऊन दोन्ही टोळ्यांना दोषी ठरविते, दोन्ही बाजूंची मुले मिळून टोनीचे शव उचलतात, आणि प्रौढ मंडळी मागे निरुपयोगी उभी राहतात.

मराठी वाचकाला येथे जयंत पवार यांचे १९९७ सालचे ‘अधांतर’ आठवल्यावाचून राहत नाही. १९८२च्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावातील कुटुंबाच्या त्या नाटकात गुन्हेगारीकडे ओढला गेलेला नरू आहे. परंतु तेथे आई सतत रंगमंचावर आहे. मुलाच्या वाट चुकण्याची किंमत घरात कोण मोजते, हे प्रेक्षक पाहतो. ‘वेस्ट साइड स्टोरी’त हे घर नाही. ती उणीव आहे असे नव्हे. मात्र मोकळी राहिलेली ती जागा प्रयोगानंतर कोणा प्रौढाने भरून काढावी लागते. नाटक संपताच मुलांना बसमध्ये बसवून घरी धाडणारी शाळा डॉकच्याच रांगेत उभी राहते.

७. निष्कर्ष

वयोगटाचे शिक्के निरुपयोगी नाहीत. भारतात २०२३च्या सुधारणा कायद्याने चित्रपटांच्या ‘यूए’ वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे पाडले, हे योग्यच झाले. सात वर्षांचा आणि सोळा वर्षांचा मुलगा एकच प्रेक्षक नव्हेत. अमेरिकेतही २०२१च्या चित्रपटाला तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारा वर्ग मिळाला. परंतु शिक्का केवळ दार दाखवितो. आत काय घडेल, ते सांगत नाही.

वरील विवेचनावरून टोळीनाट्य पारखण्यासाठी चार प्रश्न सुचतात. नाटकाने चेतविलेला उत्साह शोकापर्यंत पोहोचतो काय? ज्याच्यावर अत्याचार होतो, त्याला स्वतःचा आवाज आहे काय? प्रेक्षागृहातील कोणा मुलाच्या समाजाचा तेथे साचा झाला आहे काय? आणि नाटकानंतर बोलावयास कोणी प्रौढ हजर आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कृती देते. उरलेल्या दोहोंची ती दाखविणाऱ्यांनी द्यावयाची असतात.

या कसोट्यांवर ‘वेस्ट साइड स्टोरी’ दहा वर्षांखालील मुलांसाठी नाही, असे आमचे मत आहे. डॉकच्या दुकानातील प्रसंग समजण्याचे ते वय नव्हे आणि न समजता पाहण्याचा तो प्रसंग नव्हे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ते पूर्वतयारीने आणि चर्चेसह अवश्य दाखवावे. प्रथमच पाहणाऱ्या वर्गासाठी २०२१चा चित्रपट अधिक उचित. १९६१चा चित्रपट त्यातील रंग फासण्याच्या प्रथेची माहिती देऊनच दाखवावा. राहता राहिला वस्तीतल्या ‘दादा’च्या मागे फिरणारा तो विद्यार्थी. सावधगिरीच्या नावाखाली नाटकापासून प्रथम त्यालाच दूर ठेवले जाते. टोळीचे आकर्षण त्याला आधीच ठाऊक आहे. त्या आकर्षणाचा शेवट मात्र त्याने अद्याप पाहिलेला नसतो. तो त्याला प्रथम रंगमंचावर दिसावा, एवढ्यासाठी तरी त्याची जागा प्रेक्षागृहात राखून ठेवली पाहिजे.