लोखंडावर नांव उमटविणारें विद्युत्-यंत्र : त्याचे दोष व त्यांची परीक्षा

आपल्याकडे भांड्यावर नांव घालण्याची चाल फार दिवसांची आहे. लग्नांत दिलेल्या ताटावर देणाराचें नांव असतें, आणि पंगत आटोपल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं पातेलीं त्या नांवावरून ज्याचीं त्याच्या घरीं परत जातात. पूर्वी हें काम छिन्नीनें ठिपके पाडून करीत. आतां भांड्यांच्या दुकानांत विजेवर थरथरणारी लेखणी तेंच काम करते. शेतीच्या हत्यारांना मात्र हा मान क्वचितच मिळतो. हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगांव नाक्यासारख्या शेतकी भागांत खुरपणीच्या दिवसांत अनेक घरचीं खुरपीं एका बांधावर जमतात, आणि सायंकाळीं त्यांची ओळख पटविणें कठीण होतें. लोहारानें पाणी दिलेल्या पात्यावर छिन्नी सहसा चालत नाहीं. तेथें विजेनें धातु विरघळवून अक्षर काढण्याची रीति उपयोगी पडते.

या यंत्रास लागणारें साहित्य थोडें आहे. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी, त्याच व्होल्टचा १० वॅटचा लहान दिवा, दोन तारा, जाड सुती कापड गुंडाळलेली एक कार्बनची कांडी व मिठाचें पाणी. एका पेल्यास चहाचा एक चमचा मीठ पुरे. पात्यावर चिकटपट्टी लावून तींत अक्षरें कोरावीं, म्हणजे तेवढीच धातु उघडी राहते. बॅटरीच्या धन टोंकाची तार पात्यास व ऋण टोंकाची तार कांडीस जोडावी. दिवा मात्र वाटेंत, एका तारेच्या मध्यें असावा. नंतर ओलें कापड अक्षरांवर दोन-चार सेकंद टेकवावें, उचलावें व पुन्हां टेकवावें. धन टोंकाशीं लोखंडाचे अणु इलेक्ट्रॉन सोडून पाण्यांत उतरतात, ऋण टोंकाशीं हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, आणि उघडी धातु खोल जाते.

विद्यार्थिमित्रहो, असें यंत्र जोडणें सोपें आहे. पण तें चालेनासें झालें म्हणजे खरी परीक्षा होते. अशा वेळीं बहुतेक मुलें मीठ वाढवितात, अधिक व्होल्टची बॅटरी आणतात व तारा बदलतात, आणि हें सारें एकदमच करतात. मग यंत्र चाललें तरी तें कशानें चाललें हें कळत नाहीं. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक लक्षण काय सांगतें तें ऐकावें.

पहिलें लक्षण असें कीं, अक्षर मुळींच उमटत नाहीं व बुडबुडेहि दिसत नाहींत. येथें विजेचा मार्ग कोठें तरी तुटलेला असतो. कापड बाजूस सारून कांडी क्षणभर पात्याच्या उघड्या भागास लावावी. दिवा लख्ख लागला तर बॅटरी व तारा निर्दोष आहेत आणि दोष कापडांत किंवा पाण्यांत आहे. दिवा लागला नाहीं तर जोड तपासावेत. बहुधा तार गंजावर किंवा रंगावर टेकलेली असते. तेवढी जागा घासून चकचकीत केली कीं काम होतें.

दुसरें लक्षण फसवें आहे. बुडबुडे भरपूर येतात, परंतु ते अक्षरांवरच उठतात आणि पातें तसेंच राहतें. याचा अर्थ टोंकें उलट जोडलीं गेलीं आहेत. खात्रीसाठीं तांब्याच्या दोन तारा मिठाच्या पाण्यांत एकमेकींपासून दूर बुडवाव्या. जिच्याभोंवतीं बुडबुडे जोरानें उठतात ती ऋण टोंकाची तार.

तिसरें लक्षण म्हणजे अक्षरांच्या कडा पसरतात. विजेचें येथें कांहीं चुकलेलें नसतें. पात्यावर तेलाचा अंश राहिल्यानें पट्टी नीट चिकटत नाहीं, किंवा कापड निथळतें ओलें असल्यानें पाणी पट्टीखालीं शिरतें. पातें आधीं साबणानें धुवून पुसावें व कापड पिळून घ्यावें. फार वेळ टेकविल्यानें पट्टी तापते व सुटते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

चौथें लक्षण, काम चालू असतां दिवा एकाएकीं लख्ख होतो. कापड झिजून कांडी थेट धातूस लागली असें समजावें आणि कापड बदलावें. दिवा वाटेंत नसता तर याच क्षणीं ठिणगी उडून तारा तापल्या असत्या.

अक्षर फिकें आलें तर उतावळें होऊं नये. मायकेल फॅराडे यानें १८३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमावरून हिशेब करतां येतो. १ अँपिअरचा प्रवाह १ मिनिट वाहिला व तो सर्व लोखंड विरघळविण्यांत खर्च झाला, तर सुमारें १७ मिलिग्रॅम लोखंड जातें. तें १ चौरस सेंटिमीटर जागेवरून गेलें तर खोली सुमारें ०.०२ मिलिमीटर भरते. दिवा मध्यें असल्यामुळें आपला प्रवाह याहूनहि कमी असतो. तेव्हां खोली वाढवावयाची ती वेळानें. कापड काळें झालें कीं नवें घ्यावें व टेकविण्याची संख्या वाढवावी.

घरांतील २३० व्होल्टची वीज व मिठाचें पाणी यांची गांठ कधींहि घालूं नये. ती प्राणघातक आहे. काम मोकळ्या हवेंत व रबरी हातमोजे घालून करावें. स्टेनलेस स्टीलचीं भांडीं या यंत्राखालीं घेऊं नयेत, कारण त्यांतून क्रोमियमचीं विषारी संयुगें निघूं शकतात. त्यांस दुकानांतली लेखणीच योग्य. काम संपल्यावर पातें खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवून, कोरडें करून तेलाचा हात द्यावा. नाहीं तर नांवाच्या जागींच गंज धरेल.

खुरपें ही लहान वस्तु खरी, परंतु रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचें तें पोटाचें साधन असतें. त्यावर चुकीचें खोदलेलें अक्षर पुसतां येत नाहीं. म्हणून नवें यंत्र प्रथम मोडक्या पत्र्याच्या तुकड्यावर चालवून पहावें आणि तेथें अक्षर स्वच्छ उमटलें म्हणजेच दुसऱ्याचें हत्यार हातीं घ्यावें.