चालत्या यंत्राची नाडी

संगणकशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाचा विद्यार्थी आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिलाच. तेव्हा या विषयावर वार्षिकात लिहिण्याचे धाडस का केले, हे आधी सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी मी संध्याकाळी अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात काम करीत होतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा अखेरचा दिवस होता. आपल्याच महाविद्यालयातील एका मुलीचा अर्ज जवळजवळ भरून झाला होता आणि संगणक गोठला. मागे रांग लागलेली. मी काही न पाहता बटण दाबून संगणक बंद केला आणि पुन्हा चालू केला. अर्ज साठवलेला नव्हता. तो पुन्हा भरून होईपर्यंत मुदत टळून गेली. दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारले, "काय झालं होतं रे नक्की?" मला उत्तर देता आले नाही. उत्तर त्या यंत्रातच होते आणि मीच ते पुसून टाकले होते.

घरी हे सांगितले तेव्हा वडील हसले नाहीत. ते चौथीपर्यंत शिकलेले. शेतावरची पाण्याची इंजिने दुरुस्त करतात. इंजिन बिघडले की ते चालू ठेवून स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्याच्या अंगाला लावतात आणि मूठ कानाला. ते एवढेच म्हणाले, "बंद इंजिन काय बोलणार? चालू असतानाच त्याचं दुखणं कळतं." या एका वाक्यामुळे मी या विषयाचे मिळेल ते वाचू लागलो.

चालू असताना पाहणे म्हणजे काय?

प्रोग्रॅम म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी. ती कागदावर वाचता येते. पण वाचणे वेगळे आणि चालताना पाहणे वेगळे. एस.टी.चे वेळापत्रक स्थानकाच्या फलकावर असते. गाडी घाटात का अडकली हे मात्र फलक सांगत नाही. प्रोग्रॅम चालू असताना त्याचे आकडे, त्याची अर्धवट कामे हे सारे स्मृतीत, म्हणजे मेमरीत असते. वीज गेली की ही कामाची स्मृती रिकामी होते. म्हणूनच बंद करून चालू केल्याने काम पुन्हा सुरू होते, पण कारणाचा माग नाहीसा होतो.

हा माग काढण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिली नोंदवहीची: प्रोग्रॅमने आपण काय केले ते वेळेसह लिहीत जायचे. यात अडचण अशी की, जे लिहायला सांगितले नाही ते नोंदीत सापडत नाही. दुसरी रीत थांबवून पाहण्याची: ठरावीक आज्ञेपाशी प्रोग्रॅम रोखायचा, त्या क्षणी स्मृतीत काय आहे ते तपासायचे आणि मग एकेक पाऊल पुढे न्यायचे. परंतु दोष जर घाईगर्दीतूनच उपजत असेल, तर थांबवताच तो दडी मारतो. तिसरी रीत मागोव्याची: प्रोग्रॅम न थांबवता कोणते काम केव्हा सुरू झाले, कोण कोणासाठी थांबले, याची बारीक नोंद घेत राहायची. हिलाही थोडा वेळ आणि जागा लागतेच. म्हणून ती बेताने वापरावी लागते.

मंगळावरील एक उदाहरण

अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचे 'पाथफाइंडर' यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होऊ लागला. गोळा झालेली माहिती नष्ट होत नव्हती, परंतु त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. यान तेव्हा सुमारे १९ कोटी किलोमीटर दूर होते. संदेश एका बाजूने पोचायलाच दहा मिनिटांहून अधिक लागत. तेथे कोण कान लावणार?

दोष समजण्यासाठी आपल्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. समजा, एका खोलीची किल्ली शिपायाकडे आहे. प्राचार्यांना ती तातडीने हवी आहे. शिपाई दोन मिनिटांत आपले काम उरकून किल्ली देईलही. पण तेवढ्यात कारकून येतात आणि एकामागून एक कामे सांगून त्याला अडकवून ठेवतात. कारकुनांना किल्लीशी काही देणेघेणे नाही. तरीही परिणाम असा की, प्राचार्य कारकुनांच्या मागे ताटकळतात. यानात हेच घडत होते. हवामानाच्या नोंदींचे काम शिपायाच्या जागी, माहितीचे वाटप करणारे महत्त्वाचे काम प्राचार्यांच्या जागी आणि मधल्या दर्जाची कामे कारकुनांच्या जागी. वाटप वेळेत झाले नाही, हे पहारा ठेवणाऱ्या दुसऱ्या कामाच्या लक्षात येई आणि ते सारा संगणक नव्याने सुरू करी.

अभियंत्यांनी पृथ्वीवर तसाच दुसरा संगणक मागोव्याची सोय चालू करून राबवला. १८ तासांच्या आत तोच दोष तेथे प्रकट झाला आणि मागोव्यात कारण स्पष्ट दिसले. उपाय आधीपासून ठाऊक होता. शा, राजकुमार आणि लेहॉट्स्की यांनी १९९० साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. ज्याच्या हाती किल्ली आहे, त्याला ती परत करेपर्यंत वाट पाहणाऱ्याचा दर्जा द्यायचा. म्हणजे कारकून त्याला अडवू शकत नाहीत. ही सोय यानाच्या प्रणालीत होतीच, फक्त बंद ठेवलेली होती. ती चालू करण्यापुरता बदल रेडिओवरून पाठवण्यात आला आणि दोष दूर झाला.

यातील दोन गोष्टी माझ्या मनात राहिल्या. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हा दोष दिसला होता. पण शोधू गेल्यावर तो पुन्हा दिसेना, म्हणून कारण हाती लागले नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, मागोव्याची सोय अभियंत्यांनी उड्डाणाच्या प्रोग्रॅममधून काढून टाकली नव्हती. जे तपासले तेच पाठवायचे आणि जे पाठवायचे तेच तपासायचे, हा त्यांचा नियम होता. म्हणजे पाहण्याची खिडकी घर बांधतानाच ठेवावी लागते. आग लागल्यावर भिंत फोडून उपयोग नसतो.

आमच्या दुकानात

आता संगणक अडखळला की मी आधी 'टास्क मॅनेजर' उघडतो. कोणता प्रोग्रॅम किती मेमरी व्यापून आहे, प्रोसेसरवर कोणाचा भार आहे, हे तो चालू स्थितीतच दाखवतो. ते आकडे वेळेसह वहीत लिहितो आणि मगच पुढचे पाऊल. महिनाभराच्या नोंदींतून दिसले की, प्रत्येक वेळी कागद स्कॅन करणारा एकच प्रोग्रॅम फुगलेला असे. सकाळी थोडी जागा घेणारा, संध्याकाळी तिच्या कित्येक पट. घेतलेली जागा तो परत देत नव्हता. त्याचा मूळ दोष सुधारणे माझ्या हाती नाही. पण दुपारी तेवढाच प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडतो आणि संध्याकाळची रांग अडत नाही. वही वडिलांना दाखवली, तेव्हा त्यांनी आकडे पाहिले आणि विचारले, "रोज लिहितोस ना?"

त्या मुलीचा यंदाचा अर्ज मीच भरून दिला. प्रत्येक पानानंतर साठवीत. तो मंजूर झाला. मागच्या वर्षीची फी मात्र तिच्या आईने उसनवारी करून भरली होती. ते पैसे अजून फिटायचे आहेत.