कौटुंबिक इतिहासाची साधने : अभिलेख कार्यालयांच्या दोन दिवसांच्या भेटीचे नियोजन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला कौटुंबिक इतिहासाचा प्रश्न नेमकेपणाने मांडता येईल, त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कार्यालयातील कोणत्या कागदात मिळण्याचा संभव आहे हे ठरविता येईल आणि हाती असलेल्या थोड्या वेळाचे नियोजन करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मौखिक साधनांचा विचार केला. घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या मुलाखती कशा घ्याव्यात, हेही पाहिले. आता लिखित साधनांकडे वळावयाचे आहे. येथे एक व्यावहारिक अडचण प्रथमच लक्षात घेतली पाहिजे. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकत आहेत. दप्तरखान्यात महिनोन्‌महिने बसणे आपल्याला शक्य नाही. दोन दिवसांची रजा, येण्याजाण्याचा खर्च आणि कार्यालयीन वेळेतील मोजके तास, एवढेच आपले भांडवल. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झालेला असल्याने शनिवारी जाऊन काम उरकण्याची सोयही उरलेली नाही.

अशा वेळी 'आमच्या घराण्याचा इतिहास शोधायचा आहे' असे म्हणून निघालेला विद्यार्थी बहुधा रिकाम्या हाताने परततो. अभिलेखपालाला घराणे ठाऊक नसते. त्याला गाव, वर्ष आणि नोंदवही ठाऊक असते. म्हणून भेटीचे खरे काम घरीच सुरू होते आणि तेथेच निम्म्याहून अधिक संपते.

२. प्रश्न लहान करणे

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, एका विद्यार्थिनीचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आहे. पणजोबांची थोडी जमीन होती. आजोबा मुंबईस आले. घरात वंशावळ सांगतात ती अशी : पणजोबा, त्यांचे दोन मुलगे, मग त्यांचे मुलगे. आजोबांना बहिणी होत्या एवढे सर्वांना आठवते. पण त्या दोन होत्या की तीन, त्यांची नावे काय, त्या कोणत्या गावी दिल्या, हे सांगणारे आता कोणी नाही.

घरोघरच्या वंशावळींचे हेच रूप आहे. मुलींची नावे त्यांत नसतात आणि सुनांची माहेरे नसतात. तेव्हा 'आजोबांच्या बहिणी किती, त्यांची नावे व सासरची गावे कोणती' हा प्रश्न दिसायला लहान असला, तरी तो घराण्याच्या अर्ध्या भागाला नाव देणारा आहे. शिवाय, पुढे दिसेल त्याप्रमाणे, दोन दिवसांत उत्तर मिळू शकेल असा तो आहे. याउलट 'आमचे पूर्वज पानिपतावर होते काय' हा प्रश्न घेऊन थेट पुण्याच्या पेशवे दप्तरात जाण्याची अनेकांना हौस असते. वतन, इनाम, पाटीलकी किंवा सरकारी चाकरी घराण्यात होती असा काही पुरावा हाती असल्याखेरीज तेथील असंख्य रुमालांत आपल्या घराचे नाव शोधणे व्यर्थ होय. सरदारांपेक्षा शाळामास्तरांनी आपली अधिक आठवण ठेवलेली असते.

३. कागद कोठे राहतो ?

गाव आज ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात त्याचे जुने कागद असतील, असे गृहीत धरू नये. ज्या वर्षाचा कागद हवा, त्या वर्षी तेथे कोणाचा अंमल होता हे आधी पाहावे. जुन्नर पेशवाईच्या अखेरीनंतर, म्हणजे १८१८ नंतर, इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात होते व आजही आहे. त्यामुळे आपल्या उदाहरणात ही गुंतागुंत नाही. परंतु मराठवाड्यातील गावे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. तेथील जुन्या महसुली कागदांत उर्दू भाषा आणि फसली सन भेटतो. करवीर दरबारचे कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि त्यातील काही भाग त्याआधी सावंतवाडी संस्थानात होता. बेळगाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. गोव्यातील घराण्यांना पणजीच्या पुराभिलेखागारातील पोर्तुगीज भाषेतील कागदांना सामोरे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्यांच्या वंशजांचा शोध तर तिकडच्या स्थलांतर-नोंदींपासून सुरू होतो.

महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे मुख्य कार्यालय मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असून पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे पुरालेखागारे आहेत. मात्र सामान्य शेतकरी कुटुंबाचा विसाव्या शतकातील माग येथे क्वचितच लागतो. तो तालुक्यालाच लागतो.

४. फेरफारांची साखळी

आपल्या विद्यार्थिनीसाठी सर्वांत मोलाचा कागद आहे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. जमिनीवरील हक्क खरेदी, वाटप, गहाण, वारसा अशा कोणत्याही कारणाने बदलला की त्याची नोंद या वहीत होते व तिला क्रमांक पडतो. तोच क्रमांक सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ लिहिला जातो. म्हणून आजचा सातबारा हाती घ्यावा, त्यावरील जुन्यात जुना फेरफार क्रमांक पाहावा, तो फेरफार काढावा, त्यात आधीच्या खातेदाराचे नाव व आधीची नोंद शोधावी. अशा रीतीने पायरीपायरीने मागे जाता येते. वाटेत एक अडसर येईल. १९४७ च्या कायद्यानुसार गावोगाव एकत्रीकरण योजना राबविली गेली, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट क्रमांक आले. आजचा गट क्रमांक घेऊन १९३० ची वही उघडली तर काहीच जुळणार नाही. जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आधीच मिळवावा.

आता प्रश्नाकडे येऊ. पणजोबा साधारण १९६० च्या सुमारास वारले, असे घरात सांगतात. हे साल महत्त्वाचे आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला वडिलांच्या पहिल्या वर्गातील वारसांत स्थान दिले. त्यापूर्वीच्या वारस-फेरफारांत बहुधा मुलगे तेवढे दिसतात. त्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावे दिसू लागतात, पुष्कळदा पतीच्या नावासह. म्हणजे आजोबांच्या बहिणींची नावे ज्या कागदावर प्रथमच लिहिली गेली असतील, तो कागद पणजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस-फेरफार होय. त्यानंतर बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडला असेल, तर त्याचीही नोंद पुढील फेरफारात असते. तो हक्क नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडला असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातील दस्तात प्रत्येक बहिणीचे वय आणि राहण्याचे गाव मिळते. ते गाव म्हणजेच सासर. ज्या कागदाने बहिणीचा जमिनीशी संबंध संपविला, त्याच कागदाने तिचा पत्ता आपल्यासाठी राखून ठेवला, हा योगायोग आपल्या समाजाविषयी बरेच काही सांगतो.

फेरफार वाचताना काही संक्षेप ठाऊक असावेत. 'बिन' व 'वल्द' म्हणजे अमुकाचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमुकाची पत्नी. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलाच्या नावापुढे ही अक्षरे आणि आईचे नाव असेल, तर वडील वारले तेव्हा मुलगा अज्ञान होता हे निश्चित होते. 'ए. कु. क.' म्हणजे एकत्र कुटुंबकर्ता. अशा नोंदीत एकाच भावाचे नाव दिसले म्हणून इतर भाऊ नव्हते असा निष्कर्ष काढू नये.

५. जोडीची साधने

शाळेची जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही, गावच्या जिल्हा परिषद शाळेत असते. तीत नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख व शाळा सोडल्याचे कारण मिळते. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. १ जून रोजी जन्मलेल्या मुलांची या वह्यांतील गर्दी पाहिली, म्हणजे शाळा सुरू होण्याचा दिवस आणि जन्माचा दिवस गुरुजींनी कसा एक करून टाकला हे कळते. जुनी जन्ममृत्यूची नोंदवही, गाव नमुना चौदा, हिला लोक कोतवाल बुक म्हणतात. ती बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. नवजात बाळाचे नाव ठरलेले नसल्याने तीत वडिलांचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढीच नोंद अनेकदा आढळते. तरीही मुली किती जन्मल्या, ही संख्या हाती येते आणि फेरफारातील नावांशी ती पडताळता येते.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांना फेरफारांची साखळी उपयोगी नाही. त्यांनी शाळा व कोतवाल बुक यांपासूनच प्रारंभ करावा. महार वतनासारखी वतने असलेल्या कुटुंबांनी वतनाची कागदपत्रे जरूर विचारावीत. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव व आडनावानुसार यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे असतात. त्या पाहण्यासारख्या आहेत. मात्र तीर्थयात्रा ज्यांना परवडली आणि करू दिली गेली, त्यांचेच ते दप्तर आहे, हे विसरू नये.

६. दोन दिवसांची आखणी

भेटीपूर्वी दोन-तीन आठवडे तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज पाठवावा. त्यात गाव, जुना सर्व्हे नंबर, हवी असलेली नोंदवही आणि वर्षांची मर्यादा लिहावी. अभ्यासकेंद्राचे पत्र व ओळखपत्राची प्रत जोडावी. काही तालुक्यांचे जुने अभिलेख शासनाने संगणकावर उपलब्ध केले आहेत. ते घरूनच पाहून घ्यावेत. जुलैची अखेर टाळावी, कारण महसुली वर्ष ३१ जुलैला संपते. निवडणुकीच्या दिवसांत महसूल कर्मचारी कार्यालयात भेटत नाहीत, आणि जूनमध्ये शाळा प्रवेशांत गुंतलेली असते.

याहून नाजूक तयारी घरातली. गावी राहणाऱ्या चुलत्यांना आणि भावकीला आपला हेतू आधी सांगावा. मुंबईची पुतणी तलाठ्याकडे जुने फेरफार मागते आहे, ही बातमी आपण चावडीतून बाहेर पडण्याआधीच गावभर होते, आणि तिचा अर्थ एकच लावला जातो : वाटणी. आत्यांच्या हक्कसोडाची चौकशी तर फारच जिव्हारी लागू शकते. विश्वासात घेतलेली भावकी मात्र कोणत्याही दप्तरापेक्षा उपयोगी पडते. पेटीत जपलेली जुनी नक्कल तीच काढून देते.

पहिल्या दिवशी कार्यालय उघडताच तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा, कारण नक्कल तयार होण्यास वेळ लागतो आणि तो वेळ आपला जाता कामा नये. त्याच बैठकीत नोंदवही पाहण्याची परवानगी घेऊन वारस-फेरफार शोधावा. दुपारनंतर गावी जाऊन शाळा गाठावी. मुख्याध्यापकांना आदल्या आठवड्यात दूरध्वनी केलेला असावा. दुसरा दिवस दुय्यम निबंधक कार्यालयासाठी ठेवावा. तेथे दस्ताचे साल आणि पक्षकारांचे नाव सांगता आले तर सूचीवरून शोध घेता येतो. ही दोन्ही आदल्या दिवशीच्या फेरफारात मिळालेली असतात. म्हणूनच हा क्रम उलटा करू नये. दोन दिवसांत नक्कल हाती आली नाही, तर ती स्वीकारण्याचे अधिकारपत्र गावच्या विश्वासू माणसाकडे देऊन निघावे.

वह्या हाताळताना शाई वापरू नये; पेन्सिलीनेच टिपणे घ्यावीत. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय येथे सोडावी. छायाचित्रासाठी परवानगी विचारावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पान मोडीत निघाले, तर तेथेच अक्षरे लावीत बसू नये. प्रत घेऊन ते घरी वाचावे किंवा मोडीच्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे.

७. टिपण कसे ठेवावे ?

प्रत्येक टिपणाच्या शिरोभागी कार्यालय, नोंदवहीचे नाव, गाव, वर्ष, पृष्ठ व नोंद क्रमांक लिहावा. मूळ नोंद जशीच्या तशी, तिच्या अशुद्ध लेखनासह उतरवावी. आपला अर्थ वेगळ्या ओळीत लिहावा. आढळले नाही, तेही लिहावे. 'कोतवाल बुक, १९२१ ते १९२५, पाहिले, नोंद नाही. १९२३ ची पाने गहाळ' अशी ओळ पुढच्या भेटीचा अर्धा दिवस वाचविते.

सनांच्या बाबतीत मूळ सन आधी, इसवी सन नंतर, असा क्रम ठेवावा. शकात ७८ मिळविल्यास इसवी सन येतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे. पेशवेकालीन कागदातील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. हे वर्ष मृगाच्या प्रारंभी बदलते आणि अरबी संख्यावाचकांनी लिहिले जाते. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१, म्हणजे इसवी सन १७६०-६१.

स्वाध्याय

१. आपल्या कुटुंबातील ज्या स्त्रीचे नाव वंशावळीत नाही, अशा एका स्त्रीविषयी एकाच वाक्यात प्रश्न लिहा. तिचे नाव कोणकोणत्या कागदांवर येण्याचा संभव आहे, हे तिच्या वडिलांच्या मृत्यूचे साल लक्षात घेऊन ठरवा.

२. आपले मूळ गाव १८५०, १९२० व १९५० या वर्षी कोणत्या अमलाखाली आणि कोणत्या जिल्ह्यात किंवा संस्थानात होते, याची टीप तयार करा.

३. तहसीलदारांना पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा दहा ओळींत लिहून संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवा.