ऑप्शनला टाकलेला धडा

दहावीचा निकाल लागला की डहाणू तालुक्यातल्या रानशेत-गंजाडकडच्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "सायन्सला टाकलं तर डॉक्टर होईल ना?" टक्के कमी पडले की त्याच दमात, "मग आर्ट्‌सलाच घालू." या दोन टोकांच्या मधली कामं कुणाच्या नजरेलाच पडत नाहीत. त्या कामांची तोंडओळख ज्या धड्यांत असते, ते प्रथमोपचाराचे आणि शरीरसंस्थांचे धडे मुलांनी ऑप्शनला टाकलेले असतात आणि पीटीचा तास गणिताच्या सरांनी मागून घेतलेला असतो.

डहाणू-तलासरीत तरी हा धडा ऑप्शनला टाकण्यासारखा नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा बहुतेकदा दुखत नाही आणि सूजही फारशी येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही. विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोपच अडवतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. चेतासंस्था आणि श्वसनसंस्था हे पुस्तकातले दोन वेगळे धडे इथे एकाच माणसात भेटतात. ज्या पोरीला हे कळलंय, ती 'अपचन असेल' म्हणून थांबणार नाही. ती १०८ ला फोन लावेल, पायातलं कडं काढेल, पाय फळीला बांधून स्थिर ठेवेल, आवळपट्टी बांधू देणार नाही, ब्लेड लावू देणार नाही. आजोबांना भगताकडे जायचंच असेल तर त्यांच्याशी वाद घालत बसू नये. आधी दवाखाना, मग भगत, एवढा क्रम बदलून घेतला तरी पुरे.

पुढचं काम दवाखान्यातलं. सर्पदंशात एक साधी तपासणी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त पातळच राहिलं असेल, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनल्याची ती खूण. मण्यार किंवा नाग असेल तर रक्त नेहमीसारखं गोठतं, म्हणून पापण्या आणि श्वास यांच्यावर वेगळी नजर ठेवावी लागते. नातेवाईक खिडकीतून ओरडत असताना ती नळी वीस मिनिटं न हलवता ठेवणारी व्यक्ती बऱ्याचदा नर्स किंवा लॅब टेक्निशियन असते. मुलाला या क्षेत्रात घालावं का, हे ठरवताना मी गुणपत्रिकेआधी हेच विचारीन. कुणी पडलं-झडलं तर तो जवळ जातो की लांब पळतो? रक्त बघून गरगरतं का? सांगितलेलं काम मध्येच न सोडता करतो का? गरगरणं सवयीने कमी होतं. धरसोड मात्र सहसा जात नाही.

आता वाटा. एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा; दोन्हींना बारावी आर्ट्‌सची मुलगीही चालते. म्हणजे आर्ट्‌सला गेल्याने दार बंद होत नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं आणि सीईटी द्यावी लागते. फिजिओथेरपीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. ताडावरून पडून मणका दुखावलेली माणसं पाहिलेल्या गावाला फिजिओथेरपी काय कामाची, हे समजावून सांगावं लागू नये. (अशा माणसाला झोळीत घालून आणतात, तेव्हा पाठ दुमडते. सपाट फळी किंवा दरवाजाची फळी बरी.)

चारोटीचा महामार्ग तर अपघातांसाठी देशाला माहीत झाला. ४ सप्टेंबर २०२२ ला सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर पट्टा न लावलेल्या दोघांचाही मृत्यू झाला. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसी झंझटीपासून संरक्षण देणारी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली, हेही घरात सांगून ठेवावं. नोकरीचा विचार करता, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत प्रथमोपचार पेटी प्रमाणपत्रधारकाच्या ताब्यात असावी, असा दंडक १९४८ च्या कारखाने कायद्याने घातला होता. एसटीच्या कंडक्टरच्या लायसनलाही प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रमाणपत्र काही दिवसांत मिळतं. त्यावर घर चालणार नाही, पण अर्जात ते बाजूला पडूनही राहत नाही.

पीटीचा तास ज्यांच्या थेट कामाचा, त्या पोलीस भरतीवाल्यांसाठीही थोडं. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात निम्मे गुण नसले तर लेखीला बसता येत नाही. मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावतात. शंभर मीटर आणि गोळाफेक दोघांनाही. जाहिरात निघाल्यावर एका महिन्यात डांबरी रस्त्यावर रोज जीव तोडून धावणाऱ्यांच्या नळीचं हाड दुखू लागतं, आणि ऐन भरतीत पोरगं लंगडतं. आठवड्याला थोडं-थोडं अंतर वाढवा, मातीवर धावा, एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. सिकलसेलची तपासणी आधीच करून घ्यावी. या पट्ट्यात तो आजार आहे, आणि असलाच तर जोरात धावणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पालकांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. 'सहा महिन्यांत नर्स' असं पत्रकावर छापलेलं असेल, तर संस्थेचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा. नसेल तर तिथली मुलगी कागदावर नर्स होत नाही. पगार मदतनिसाचाच मिळतो. दुसरी, जात वैधता प्रमाणपत्र. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले शोधायला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज टाका. प्रवेश मिळूनही या एका कागदापायी सीट जाते. वसतिगृह मिळालं नाही, तर भाड्याच्या खोलीसाठी आणि जेवणासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. तिची चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा, आणि जाताना मुलीलाच बरोबर न्या. अर्ज तिलाच भरू द्या.