शंकरपाळे खुसखुशीत का होतात?

दिवाळीच्या फराळात झटपट होणारा पदार्थ म्हणजे शंकरपाळे. मैद्यात कडकडीत तुपाचे मोहन का घालतात, सांगा पाहू?

मैदा पाण्यात भिजला की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. तुपाचा लेप बसलेल्या कणांपर्यंत पाणी कमी पोहोचते. जाळे तोकडे राहते आणि शंकरपाळे खुसखुशीत होतात.

तळताना येणारे बुडबुडे तेलाचे नव्हेत. ती पिठातील पाण्याची वाफ. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तळणाचे तेल मात्र १७० अंशांच्या आसपास असते. म्हणूनच ओला झारा कढईत घातल्यास तेल अंगावर उडते.

मोहन घातलेले व न घातलेले शंकरपाळे मोठ्यांकडून तळून घ्या आणि मोडून पाहा. फरक का पडला, ते वहीत लिहा.