नाव काढलं, तरी ओळख उरते

समजा, एका डॉक्टरने सोशल मीडियावर लिहिलं: "काल रात्री बाइक अपघातातला ३४ वर्षांचा रुग्ण आला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कृपया हेल्मेट घाला." नाव नाही, फोटो नाही, हेतूही चांगला. मग अडचण काय? अडचण गणितात आहे. एक कागद घ्या, आपण ते करूनच बघू.

अमेरिकेतल्या एका झिप कोडमध्ये १०,००० माणसं राहतात असं धरा. वयं ८० वर्षांत पसरलेली, म्हणजे संभाव्य जन्मतारखा ८० × ३६५ = २९,२००. स्त्री-पुरुष असे दोन भाग केले की ५८,४०० कप्पे झाले. माणसं १०,००० आणि कप्पे त्यांच्या जवळजवळ सहापट! डोळे मिटून माणसं कप्प्यांत टाकली, तर साधारण ८४ टक्के लोक आपापल्या कप्प्यात एकटे सापडतात. एकटा सापडला, की नावाची गरजच उरत नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी, नावं काढून, संशोधनासाठी दिल्या. एमआयटीत शिकणाऱ्या लतान्या स्वीनी यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख यादीतल्या सहा जणांची होती. त्यातले पुरुष तीन. वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच! पुढे २०००मध्ये स्वीनी यांनी अंदाज मांडला की ८७ टक्के अमेरिकन या तीन गोष्टींवरून एकमेव ठरतात. २००६मध्ये फिलिप गोल यांनी नव्या जनगणनेवरून तो ६३ टक्क्यांवर आणला. मला विचाराल तर ६३सुद्धा पुष्कळ झाले.

अमेरिकेतल्या 'हिपा' कायद्याखालचे गोपनीयतेचे नियम म्हणूनच नावापाशी थांबत नाहीत. माहिती निनावी करण्याच्या एका पद्धतीत तब्बल १८ प्रकारच्या खुणा काढाव्या लागतात. तारखेतलं फक्त वर्ष ठेवता येतं. वय ८९च्या वर असेल तर '९० किंवा जास्त' एवढंच, कारण त्या वयाच्या कप्प्यात माणसंच थोडी. आता वरची पोस्ट परत वाचा. "काल रात्री" ही तारीख झाली, गाव डॉक्टरच्या प्रोफाइलवर आहे, उरलेलं स्थानिक बातमीत.

आपल्यासाठी यात आणखी एक मेख आहे. परदेशातल्या लहान शहरात 'मराठी' हा शब्दच एक कप्पा असतो, आणि त्यात कधीकधी पन्नासच माणसं असतात. "आमच्या मंडळातल्या एका काकूंना" असं म्हटलं, की पुढचं ऐकायच्या आधीच निम्म्यांना काकू कळलेल्या असतात.

आणि हिपा बांधतो तो डॉक्टरांना, रुग्णालयांना, विमा कंपन्यांना. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला नाही! तिथे आईचा रिपोर्ट फोटो काढून टाकताना आपण वरचं नाव अंगठ्याने झाकतो, पण खाली बारकोड, रुग्ण क्रमांक आणि तपासणीची तारीख तशीच दिसत असते. ओळखीच्या डॉक्टरला विचारायचंच असेल तर फोटोऐवजी चार शब्द टाइप करा: वय सत्तरीच्या आसपास, क्रिएटिनिन इतकं, गेल्या वेळी इतकं होतं. प्राथमिक प्रश्नाला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पूर्ण रिपोर्ट लागलाच, तर तो ग्रुपवर न टाकता थेट त्यांनाच पाठवता येतो.